तळवड्याच्या स्थळाचं पान

आमच्या दाजींच्या तोंडाला झाकण न्हाई, हे सगळ्या चौसाळ्याला माहीत हाय. दाजी म्हणजे आश्रुबा, माझ्या कडूआक्काचे मालक. मेंढरं राखतात. माणूस दिलाचा साफ, कुणाला फसवणार न्हाई, कुणाचं फुकट खाणार न्हाई, पर पोटात गोष्ट ऱ्हाईल तर शपथ. त्यांला गुपित सांगायचं म्हणजे बसस्टँडवर भोंगा लावून सांगितल्यासारखं. मी बिभीषण. हायवेच्या कडंला माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान हाय, आन् दाजींनी आजवर जेवढे मोबाईल फोडले तेवढे मीच जोडलेत. म्हणून त्यांची गोष्ट सांगायचा हक्क माझा. दुसऱ्या कुणी सांगितली तर मी भांडीन.

सुरुवात झाली ग्रुपवरून. आमच्याकडल्या मेंढपाळांचा मोबाईलवर एक ग्रुप व्हता. कुठं चारा हाय, कुठल्या तळ्याला पाणी हाय, खतासाठी कुणाच्या रानात मेंढरं बसवायची हायेत, सगळं त्याच्यावर. दाजी दिवसभर मेंढरामागं आन् तोंड मोबाईलमधी. त्यांला बोटानं लिव्हायचा कंटाळा, म्हणून ते मोबाईलला बोलायचे आन् मोबाईल लिव्हायचा. त्यामुळं त्यांचा मजकूर असा यायचा: "खालच्या तळ्यात पाणी हाय पर काठाला चिखल हाय ए काळे मक्यात कुठं चालली हिर्र हिर्र मेंढरं जपून उतरवा मुडदा बशिवला तुझा काळे." लोकांला ह्याच्यातच मजा यायची. काळी ही दाजींची मेंढी. पार गेवराईपर्यंत लोक तिची खुशाली इचारायचे.

त्या ग्रुपचा मालक बजरंग. त्यानं एकदा बाजारात एडका विकायला काढला. दाजींनी ग्रुपवर लिव्हलं, "एडका म्हातारा हाय, घेणाऱ्यानं दात बघून घ्या." झालं! बजरंगनं दाजींला तिथल्या तिथं काढून टाकलं. तिकडं नशिबानं बी डाव साधला. त्याच आठवड्यात दाजींचा मोबाईल तळ्यात पडला. मी उघडला, वाळवला, तांदळात पुरून ठिवला. मेला तो मेलाच. नव्या मोबाईलवर जुनं काहीच आलं न्हाई. ना फोटो, ना मजकूर, ना काळी.

दाजी दुकानात येऊन बसले. "बिभीषण, एवढ्या वर्सांचं माझं बोलणं गेलं कुठं?"

"गेलं ते गेलं."

"कावून गेलं? बोललो तर मीच व्हतो ना?"

माझ्या हातात त्या टायमाला गरम सोल्डर व्हतं आन् पुढं दोन गिऱ्हाईकं उभी व्हती. मी वैतागून म्हणलो, "बोलला तुमी, दाजी, पर वटा बजरंगचा व्हता! त्याच्या वट्यावर बसून गप्पा हाणल्या, त्यानं पाणी टाकून उठवलं. आता बसा बोंबलत."

दाजी गप झाले. हे आक्रितच. मग म्हणले, "मग आपला वटा पाहिजे."

मी म्हणलं, मोठ्या कंपनीच्या साईटवर तुमच्या नावानं पान काढून देतो, पाच मिनिटांचं काम हाय.

"ती साईट कुणाची?"

"कंपनीची."

"म्हणजे थोरला बजरंग," दाजी म्हणले आन् उठून चालू पडले.

वटा बांधला तो बबितानं. बबिता त्यांची लेक, माझी भाची. बीडला जाऊन संगणकाचं शिकलेली आन् बापासारखीच हट्टी. तिनं बापाला स्वतःची वेबसाईट काढून दिली. मला तिनं समजावून सांगितलं ते असं: नाव आपल्या नावावर, सातबारा आपला. जागा भाड्याची हाय, पर सामान सगळं आपलं, आन् त्याची नक्कल रोज तिच्या लॅपटॉपमधी. उद्या जागावाल्यानं त्रास दिला तर बिऱ्हाड उचलायचं आन् दुसरीकडं मांडायचं. मेंढपाळाच्या पोरीला हे कुणी शिकवायची गरज न्हवती.

पर दाजींचं समाधान होईना. "वट्यावर एकटाच बसून बडबडतो त्याला येडा म्हणतात. दुसऱ्यांला बी लिव्हता आलं पाहिजे."

बबिता म्हणली, "तशी बी असती आबा. तिला विकी म्हणतात. वाचणारा माणूस तिथंच लिव्हू शकतो, नवं पान काढू शकतो. पर मग कुणीबी काहीबी लिव्हील, सांगून ठिवते."

"लिव्हू दे की. फकस्त नाव सांगून लिव्हावं, तोंड झाकून वट्यावर कुणी बसत न्हाई. आन् दुसऱ्याचं पुसायचं न्हाई. पटलं न्हाई तर खाली आपलं लिव्हावं."

हाच तिथला कायदा ठरला, आन् काय सांगू, लोक तुटून पडले. मेंढरं घेऊन फिरणाऱ्यांनी वाटंवरल्या गावागावांची पानं काढली. कुठं पाणी, कुठली कुत्री चावरी, कोण शेतकरी मेंढरं बसवून घेतो, कोण नुसतं गोड बोलतो. चौसाळ्याच्या पानावर एका मेंढपाळानं सोमनाथ शेतकऱ्याचं लिव्हलं, "चहा घेणार का म्हणून इचारतात, उत्तर ऐकायच्या आत घरात जातात." सोमनाथ तणतणत माझ्या दुकानात आला. मी त्याला बबिताकडं धाडलं. तिनं त्याला खाली लिव्हायला शिकवलं. त्यानं लिव्हलं, "चहा देतो." दुसऱ्या दिवशी त्याच्या खाली आलं, "दिला. बिनसाखरेचा." सोमनाथनं लिव्हलं, "साखर संपली व्हती." मग काय, जो मेंढपाळ जाईल तो त्याच्या दारात थांबून साखर आली का म्हणून इचारायचा. शेवटी बिचारा मनापासून चहा पाजायला लागला.

अशी सगळी मजा चालली व्हती, आन् त्यात बबिताला स्थळ आलं.

स्थळ तळवड्याचं. पोरगा सत्यम, गेवराईत ठिबकच्या दुकानात कामाला. बाप धुळाजी, थोडं रान आन् बरीच मेंढरं. पहिली गाठ नारायणगडावर घालायची ठरली, दर्शनाला आलोत असं दाखवून. पोरगा-पोरगी तिथं थोडं बोलली. घरी आल्यावर आक्कानं इचारलं, "मग?" बबिता म्हणली, "बघा बाबा तुमचं तुमी." आता आधीच्या स्थळांला ह्या पोरीनं तोंडावर न्हाई म्हणून सांगितलेलं. तिच्या जबानीत "बघा तुमचं तुमी" म्हणजे अक्षता वाटा. आक्का देवापुढं साखर ठिवून आली. पोरगी दोन दिवस उगंच गुणगुणत हिंडत व्हती.

ऱ्हायली चौकशी. आमच्यात पद्धत अशी, की सुपारी फुटायच्या आधी दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या गावात गुपचूप जाऊन येतात. कोकरं बघायला आलोत, बियाणं घ्यायला आलोत, अशी काहीतरी सबब सांगायची. हाटेलात बसायचं, चहा घ्यायचा आन् हळूच इचारायचं की धुळाजीचं घर कसं हाय हो. सगळ्या गावाला कळतं हे कशाला आलेत ते, पर कुणी तसं दाखवत न्हाई. दोन्हीकडची इज्जत झाकून ऱ्हाते. मी मामा, म्हणून तळवड्याला जायचं काम माझं. मी इस्त्रीचा शर्ट घालून, गाडीला किक मारायच्या बेतात व्हतो, तवर दाजी आले.

"कशाला पेट्रोल जाळतो? मी इचारलंय."

"कुणाला इचारलं?"

"सगळ्यांला," दाजी म्हणले.

मी मोबाईल उघडला आन् कपाळावर हात मारला. दाजींनी विकीवर नवं पान काढलं व्हतं. "तळवड्याचं स्थळ. पोरगा सत्यम बाप धुळाजी. आमच्या बबितासाठी बघतोय. कुणाला काय ठावं असंल ते खरं खरं लिव्हा लाजू नका ए काळे हिर्र."

अहो, हे काय पानं काढायचं काम हाय का! आन् लोक बी असे नग, की कुणी लाजलंच न्हाई. एकानं लिव्हलं, "पोरगा चांगला, गाडी लई जोरात हाणतो." दुसरा म्हणला, "धुळाजीनं दुष्काळात हिरीवर आमच्या मेंढरांला पाणी पाजू दिलं न्हाई." तिसऱ्यानं लिव्हलं, "ह्या पोराचं आधी एक जमलेलं मोडलंय. कावून ते त्यांलाच ठावं." चौथ्यानं काही न वाचताच लिव्हलं, "अभिनंदन! जय मल्हार!" आन् सोमनाथ म्हणला, "चहा देतात का ते बघा."

संध्याकाळच्या आत धुळाजींचा फोन माझ्यावर. दाजींचा नंबर त्यांनी लावलाच न्हाई. "तुमी आमची इज्जत वेशीवर टांगली. तुमच्या दाजीला सांगा, पोरगी दुसरीकडं बघा." आन् ठिवला. माणूस खोटं बोलत न्हवता.

घरी मग जे झालं ते इचारू नका. आक्का म्हणली, "अवं, जिभंला हाड तरी हाय का तुमच्या? लेकीची सोयरीक, का बाजारातली मेंढी, म्हणून गावाला दात बघायला बोलावलं!" बबिता भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं लॅपटॉप बंद करून पेटीवर ठिवला आन् म्हणली, "आबा, तुमचा वटा तुमाला लखलाभ." त्या दिवसापासून ती बापाशी बोलंना. भाकरी वाढायची, पाणी द्यायची, शब्द न्हाई.

दाजी सुकले. मेंढरं माळावर सोडून माझ्या दुकानात येऊन बसायचे. "पुसून टाक बिभीषण. सगळंच पुसून टाक. नको मला ते."

"त्याची किल्ली, म्हणजे पासवर्ड, तुमच्या लेकीकडं हाय. तिला सांगा."

"तिला कसं सांगू? ती बोलत न्हाई."

मला एवढा राग आलता त्यांचा, पर तोंड बघून ओरडवलं न्हाई. त्यांला चहा सांगितला. तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. त्या पानावर कुणीतरी नवं लिव्हलं व्हतं. आता आणखी काय राख पडली म्हणून मी उघडलं, तर खाली नाव व्हतं सत्यम. मी मोठ्यानं वाचून दाखवलं.

"मी सत्यम. गाडी जोरात हाणत व्हतो. पडलो, गुडघा फुटला, आता हळू हाणतो. हिरीचं खरं हाय. त्या साली आमच्याच जनावरांला पुरत न्हवतं, तरी मेंढरं तहानलेली माघारी धाडायला नको व्हती, हे मी आमच्या आण्णांच्या, म्हणजे वडलांच्या, तोंडावर बोललोय. आधीची सोयरीक मोडली, कारण त्या पोरीला पुढं शिकायचं व्हतं आन् आमच्या घरी ते पटलं न्हाई. मी तवा गप बसलो. आता गप बसायचं न्हाई म्हणून लिव्हतोय. माझं तर सगळं बाहेर आलं. आता पोरीचं पान कुठाय? आमी कुठं इचारायचं?"

"वा रे पठ्ठ्या!" दाजी मांडीवर थाप मारून म्हणले. "मर्द हाय बे पोरगं!" आन् मग त्यांला शेवटची ओळ कळली. तोंडच उतरलं. "पोरीचं पान? छ्या. पोरीचं कुठं पान असतंय व्हय?"

तवा मात्र माझं टाळकं सरकलं. "कावून नसतंय? दुसऱ्याचं पोरगं चव्हाट्यावर आन् आपली पोरगी पदराआड व्हय? तवा म्हणला, लाजू नका, खरं लिव्हा. आता का हो लाजता?"

"बिभीषण, बजरंग लिव्हील," दाजी म्हणले, आन् आवाज एकदम बारीक. "त्याचा माझ्यावर डूख हाय. एक ओळ लिव्हील आन् पोरीचं कायमचं वाटोळं करील. माझ्या तोंडाची शिक्षा तिला कावून?"

खरं सांगतो, हा सवाल मला बी सुटत न्हवता. सोयरिकीत मोडता घालायला एक वाकडा शब्द पुरतो. पर आमी दोघं दुकानात वाद घालत बसलो, तवर तिकडं बबितानं सत्यमचं वाचलं व्हतं. तिनं पेटीवरचा लॅपटॉप काढला, कुणाला इचारलं न्हाई, आन् आपलं पान आपणच काढलं.

"मी बबिता. राग लई येतो. आला की दोन-तीन दिवस जात न्हाई, घरात इचारा. भाकरी येते, गोल येत न्हाई. लग्न झाल्यावर काम करणार, आन् ही वेबसाईट मीच सांभाळणार. आता तुमी लिव्हा. आबांच्या भीडंखातर गोड लिव्हू नका."

तो दिवस मी जन्मात इसरणार न्हाई. दाजी जेवले न्हाईत. दुकानासमोरच्या लिंबाखाली बसून ते घटक्या-घटक्याला मोबाईल बघत. बोटानं पान खाली ओढायचे, सोडायचे, परत ओढायचे. मी आतून बघत व्हतो. मधीच मोबाईल तोंडापाशी धरून काहीतरी पुटपुटायचे, मान हलवायचे, मोबाईल खिशात घालायचे आन् लगीच बाहेर काढायचे.

पहिल्यांदा सोमनाथ आला. "हिनं मला त्या चहापायी लई छळलं. पोरगी वांड हाय. पर लिव्हायला शिकवलं ते हिनंच." मग गावातल्या मोहिनीबाईनं लिव्हलं, "माझ्या लेकीला हिनं गणित शिकवलं, नुसतं वरडून वरडून. लेक पास झाली. घरात अजून कुणी मोठ्यानं बोललं की ती पाढे म्हणती." आमी दोघं हसलो, पर हसणं पोटापर्यंत जात न्हवतं. सगळी वाट बजरंगची व्हती.

दुपार कलल्यावर बजरंग आला. दाजींनी मोबाईल माझ्या हातात दिला आन् तोंड फिरवलं. "तूच वाच. आधी मनात वाच."

मी मनात वाचलं. मग मोठ्यानं वाचलं. "आश्रुबा तोंडाळ हाय. त्याला मी ग्रुपमधी परत घेणार न्हाई, कुणी भीड घालू नये. एडका म्हातारा व्हता. पोरीचं म्हणाल तर, मी मेंढरं घेऊन लांब गेलतो तवा माझी म्हातारी दारात पडली. घरात कुणी न्हवतं. हिनं रिक्षा बोलावून तिला बीडच्या दवाखान्यात नेलं आन् मी पोचूस्तवर उशाला बसून ऱ्हायली. तिच्या बापाला मी काढून टाकलेलं तिला ठावं व्हतं. तिनं त्याचं नाव बी काढलं न्हाई. ज्याच्या घरात ही जाईल त्याचं नशीब. भाकरीचं मला ठावं न्हाई."

दाजींनी उपरण्यानं तोंड पुसलं. उन्हानं घाम आलाय म्हणले. लिंबाखाली कसलं आलंय ऊन!

मग चार-पाच दिवसांनी, बबिताचं पान वाचून, धुळाजी आन् सत्यम चौसाळ्यात उतरले. सरळ हाटेलात शिरले. हाटेलवाल्यानं सवयीनं इचारलं, काय कोकरं बघायला का? धुळाजी भर हाटेलात म्हणले, "न्हाई. पोरीची चौकशी करायला आलोत." बसलेल्या माणसांचे कप हातातच ऱ्हायले. असं कुणी कधी बोललंच न्हवतं.

दाजींच्या घरी चहा झाला. धुळाजी म्हणले, "पाव्हणं, हिरीचं तेवढं पुसा. पाहिजे तर आता पाजतो म्हणून लिव्हा."

आक्कानं दाजींला डोळ्यानं दटावलं. मी पायावर पाय दिला. पर तोंडाला झाकण कुठाय! "दुसऱ्याचं पुसायचं न्हाई, असा कायदा हाय. आन् मी कसं लिव्हू? तुमी आधी पाजा, मग मेंढरावालेच लिव्हतील."

धुळाजी दाजींकडं बघत ऱ्हायले, मग सत्यमकडं, मग खो खो हसत सुटले. "ह्या माणसाच्या घरात खोटं चालायचं न्हाई. सुपारी आणा."

सुपारी फुटली. पुढच्याच हप्त्यात बबिता माझ्या दुकानात लॅपटॉप घेऊन बसली व्हती. लग्नाआधी वेबसाईटची साफसफाई करून ठिवते म्हणली. गिऱ्हाईक माझ्यापुढं उभं, मी स्क्रीन बदलत व्हतो. ह्या विकीच्या पानांची एक खोड हाय, ती मला त्या दिवशी कळली. जे पुसलं ते बी मागं साठून ऱ्हातं. येणाऱ्या-जाणाऱ्यांला दिसत न्हाई, पर जिच्याकडं किल्ली हाय तिला सगळं दिसतं. कुणी काय लिव्हलं आन् कधी पुसलं, सगळं. आमच्या दाजींला हे ठावं न्हवतं.

"मामा, हे बघ," बबिता म्हणली. तिच्याच पानावरचं जुनं व्हतं, त्या लिंबाखालच्या दिवसाचं. दाजींच्या नावानं.

"माझी पोरगी लई गुणाची हाय." पुसलेलं.

"पोरगी जरा तापट हाय पर मनाची चांगली." पुसलेलं.

"हिच्यासारखी पोरगी तालुक्यात न्हाई." पुसलेलं.

"घरात माझं बोलणं ही एकटीच ऐकून घेती." पुसलेलं.

आन् शेवटी, "मी बाप हाय. मला हिचं खरं लिव्हता येत न्हाई. तुमीच लिव्हा." ते बी पुसलेलं.

बबितानं वाचलं, परत वाचलं. मग लॅपटॉपाआड तोंड लपवून म्हणली, "मामा, शटर वढ जरा."

मी शटर वढलं. बाहेर गिऱ्हाईक बोंबलत व्हतं, माझा मोबाईल, माझा मोबाईल. बोंबलू दिलं.